भाषणातला इतिहास कुठून सुरू होतो, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा: राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी निरनिराळ्या राष्ट्रप्रमुखांची भाषणं जमवली आहेत. प्रत्येक भाषणातले इतिहासाचे उल्लेख मोजून तक्ता केला आहे, तपशिलाच्या चुकाही शोधल्या आहेत. मार्गदर्शक मात्र विचारतात, "यात विश्लेषण कुठे आहे?" मग विश्लेषण म्हणजे करायचं तरी काय?

मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमची मेहनत वाया गेलेली नाही. तक्ता आणि चुकांची यादी हा कच्चा माल झाला. त्यात नाही ती तुलना. कोणत्याही देशाच्या इतिहासात हजारो घटना असतात आणि वक्ता त्यातल्या चार उचलतो. ही निवड आहे हे कळायचं, तर त्याला दुसरं काय बोलता आलं असतं ते शेजारी मांडावं लागतं. तेच नेते दुसऱ्या वर्षी काय बोलले? त्याच घटनेवर दुसरा नेता काय बोलला? त्याच आठवड्यात वेगळ्या श्रोत्यांपुढे सूर बदलला का? एकटं भाषण घेऊन बसलात तर हातात सारांश येतो, फार तर टीका. अशा प्रबंधांत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेला दोष हाच आहे.

सुरुवात करा ती सुरुवातीपासूनच. म्हणजे वक्ता राष्ट्राची गोष्ट कोणत्या सालापासून सांगतो, ते बघा.

19 नोव्हेंबर 1863 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन गेटिसबर्गला, यादवी युद्धातल्या रणभूमीवर, बोलले. सारं भाषण 270 शब्दांच्या आसपास. त्यांच्याआधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. लिंकननी पहिल्याच वाक्यात 87 वर्षं मागे नेलं. 1863 मधून 87 वजा केले की 1776 येतं, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. राज्यघटना लिहिली गेली 1787 मध्ये. तिच्यात गुलामगिरी हा शब्द नव्हता, पण प्रतिनिधित्वासाठी गुलामांची तीन-पंचमांश मोजणी होती आणि पळून गेलेल्या गुलामाला परत करण्याचं कलमही होतं. देशाचा जन्म 1787 पासून धरला तर गुलामगिरीशी केलेली तडजोड जन्मापासूनचीच ठरते. 1776 पासून धरला तर 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' हे विधान जन्मखूण ठरतं आणि गुलामगिरी त्या विधानाशी विसंगत अशी एक लबाडी. एका वजाबाकीत केवढं राजकारण आहे बघा! ही निवड त्या काळच्या लोकांच्याही लक्षात आली होती. शिकागोच्या एका विरोधी वृत्तपत्राने घटनेतली हीच कलमं पुढे ठेवून लिंकनवर टीका केली.

तुलनेसाठी लिंकनचीच आणखी एक संहिता उपलब्ध आहे. गेटिसबर्गच्या लढाईनंतर काही दिवसांनी, 7 जुलै 1863 ला, जमलेल्या लोकांपुढे ते आयत्या वेळी बोलले होते. तिथे 'किती वर्षं झाली बरं, ऐंशी-एक' अशा ढोबळ भाषेत हाच मुद्दा आला आहे. चार महिन्यांनी त्याचा नेमका आकडा झाला आणि तो भाषणाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला. म्हणून हे सहज सुचलेलं नव्हतं, घडवलेलं होतं, असं तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता.

दुसरं उदाहरण रिशार्ड फॉन वाइत्सेकर यांचं. 8 मे 1985 ला, युद्धसमाप्तीच्या चाळिसाव्या वर्षी, पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष म्हणून ते बॉनच्या संसदेत बोलले. श्रोत्यांतल्या अनेकांसाठी 8 मे 1945 म्हणजे पराभव, पूर्वेकडची घरं सोडून पळणं, देशाची फाळणी. वाइत्सेकर यांनी त्या दिवसाला मुक्तीचा दिवस म्हटलं आणि 8 मे 1945 ही तारीख 30 जानेवारी 1933 पासून तोडता येणार नाही, असं बजावलं. 30 जानेवारी 1933 म्हणजे हिटलर सत्तेवर आला तो दिवस. दुःख तेच, माणसंही तीच, पण गोष्ट बारा वर्षं आधी सुरू केल्याबरोबर त्या दुःखाचं कारण बदललं.

तिसरं उदाहरण खास तुमच्या मोजणीसाठी. जपानचे पंतप्रधान मुरायामा यांचं 15 ऑगस्ट 1995 चं निवेदन आणि आबे यांचं 14 ऑगस्ट 2015 चं निवेदन शेजारी ठेवा. आक्रमण, वसाहतवादी राजवट, पश्चात्ताप, माफी हे चारही शब्द दोन्हींत आहेत. नुसते शब्द मोजले तर दोन्ही निवेदनं जुळी वाटतील. पण आबे गोष्ट सुरू करतात एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य वसाहतींपासून. मग जपानचं आधुनिकीकरण येतं आणि मग रशिया-जपान युद्ध, ज्याने आशिया-आफ्रिकेतल्या पारतंत्र्यातल्या लोकांना धीर दिला, असं ते सांगतात. त्याच युद्धानंतर कोरिया जपानच्या पकडीत गेला आणि 1910 मध्ये साम्राज्याला जोडला गेला, हे त्या परिच्छेदात नाही. माफीसुद्धा 'जपानने वारंवार व्यक्त केली आहे' अशी, झालेल्या गोष्टीची नोंद म्हणून येते. मुरायामांनी ती स्वतः, त्या क्षणी मागितली होती. पुढच्या पिढ्यांवर सतत माफी मागण्याची वेळ येऊ नये, हेही आबे सांगतात. तक्त्यात हा फरक कुठल्या रकान्यात बसवाल? 'गोष्टीचा आरंभ' असा रकाना नसेल तर कुठेच नाही.

सालानंतर कर्ता आणि क्रियापद. शाळेतलं व्याकरण इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग 10 डिसेंबर 1992 ला सिडनीतल्या रेडफर्न इथे आदिवासींपुढे बोलताना म्हणाले, की जमिनी आम्ही घेतल्या, रोग आणि दारू आम्ही आणली, खून आम्ही केले, आयांपासून मुलं आम्ही हिरावली. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे आणि तो 'आम्ही' आहे. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी 26 ऑगस्ट 1999 ला संसदेत मांडलेल्या ठरावात, मागच्या पिढ्यांच्या प्रथांमुळे आदिवासींना अन्याय सोसावा लागला याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. अन्याय झाला, सोसला गेला. करणारी 'प्रथा' आणि तीही मागच्या पिढ्यांची. पुढे 13 फेब्रुवारी 2008 ला केव्हिन रड यांनी माफी मागितली, तेव्हा आधीच्या संसदा आणि सरकारं, त्यांचे कायदे आणि धोरणं यांना कर्तेपण दिलं. ही तिसरी वाट आहे. गुन्हा संस्थेचा, माफी त्याच संस्थेच्या आजच्या प्रतिनिधींची. तीन भाषणं, एकच भूतकाळ आणि जबाबदारी प्रत्येक वेळी वेगळ्या खांद्यावर. हा फरक तिथल्या राजकारणात वर्षानुवर्षं भांडणाचा विषय होता, म्हणून तो तुमच्या कल्पनेतून निघालेला नाही, असंही दाखवता येतं.

कर्ता म्हणून राष्ट्राचं नाव आलं तर जास्तच सावध व्हा. 25 ऑगस्ट 1944 ला, पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं तेव्हा, तिथल्या नगरभवनात फ्रेंच नेते द गॉल म्हणाले, की पॅरिस स्वतः मुक्त झालं, आपल्या लोकांनी मुक्त केलं, फ्रान्सच्या सैन्याच्या साथीने, लढणाऱ्या, खऱ्या, चिरंतन फ्रान्सच्या साथीने. या 'खऱ्या फ्रान्स'मुळे व्हिशीचं सरकार, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेलं फ्रेंच सरकार, आपोआप खोटं ठरलं, फ्रान्सच्या बाहेर गेलं. पुढची पन्नास वर्षं फ्रेंच राष्ट्राध्यक्ष साधारण याच भूमिकेवर राहिले. व्हिशी म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, असं मित्तराँही म्हणत. मग 16 जुलै 1995 ला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आले. जुलै 1942 मध्ये फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात सुमारे 13,000 ज्यूंना पकडलं होतं, त्याच्या स्मृतिदिनी ते म्हणाले, की फ्रान्सने त्या दिवशी कधीही भरून न येणारं कृत्य केलं. 'फ्रान्स' हा तोच कर्ता, पण आता तो गुन्ह्याच्या वाक्यात आहे. शिराक यांचं वाक्य एवढं गाजलं का, ते द गॉलचं वाक्य शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

इथे एक सूचना. द गॉल यांनी दोस्तराष्ट्रांचं नावही घेतलं नाही, असं पुष्कळदा लिहिलं जातं. त्या गाजलेल्या वाक्यात घेतलेलं नाही, हे खरं. पण त्याच भाषणात पुढे 'प्रिय आणि प्रशंसनीय मित्रराष्ट्रां'चा उल्लेख आहे. मौनाबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी संपूर्ण संहिता वाचा.

सर्वनामांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. दोन भाषणं मात्र वाचाच. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 5 जुलै 1852 ला अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये, हा चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) तुमचा आहे, माझा नाही, असं श्रोत्यांना सुनावलं आणि 'तुमचे' पूर्वज, 'तुमचं' स्वातंत्र्य ही भाषा टिकवली. थाबो एम्बेकी यांनी 8 मे 1996 ला, दक्षिण आफ्रिकेची नवी राज्यघटना स्वीकारताना, उलटं केलं. 'मी' म्हणत खोई आणि सान लोक, युरोपातून आलेले स्थलांतरित, पूर्वेकडून आणलेले मलाय गुलाम, बोअरांच्या थडग्यांवर फुलं वाहणारं नातवंड, असे एकमेकांच्या विरोधात उभे राहिलेले सगळे पूर्वज एकाच माणसात आणले.

आता चुकांच्या यादीकडे. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ यांनी 11 मार्च 1882 ला सॉर्बोनमधल्या व्याख्यानात म्हटलं होतं, की विस्मरण, किंबहुना इतिहासातली चूकसुद्धा, राष्ट्र घडण्यातला आवश्यक भाग असते. म्हणून चूक सापडली की काम संपत नाही. त्या चुकीशिवाय वक्त्याचा युक्तिवाद उभा राहिला असता का, हे विचारा. राहिला असता तर ती हलगर्जी. नसता तर ती चूक भार पेलत होती आणि तिच्यावर दोन पानं लिहायला हरकत नाही.

काही वेळा चुकीकडे बोट दाखवणं म्हणजे वक्त्याने आखलेल्या मैदानातच खेळणं होतं. 21 फेब्रुवारी 2022 च्या भाषणात पुतिन म्हणाले, की आधुनिक युक्रेन पूर्णपणे बोल्शेविक रशियाने निर्माण केला आणि लेनिन त्याचे शिल्पकार. इतिहासकारांनी हे खोडून काढलं, ते योग्यच. पण या विधानाखाली एक न उच्चारलेला नियम आहे: देशाचं अस्तित्व आणि सीमा इतिहासाने ठरतात. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी थेट या नियमावर बोट ठेवलं. आफ्रिकेच्या सीमा लंडन, पॅरिस आणि लिस्बनमध्ये आखल्या गेल्या, त्या आम्ही काढल्या नव्हत्या. तरी वंश किंवा धर्म एकसारखा असलेली राज्यं मागत बसलो असतो तर आजही लढत असतो, असं ते म्हणाले. त्यांनी लेनिनबद्दलचा वाद घातलाच नाही. ही दोन भाषणं जोडीने शिकवायला घेतली की, इतिहास खरा की खोटा आणि इतिहासाला निर्णयाचा अधिकार आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मुलांना लगेच कळतं.

श्रोता बदलला की दाखले कसे बदलतात, याचा सर्वांत सोयीचा संच युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्या 2022 च्या भाषणांचा. एकच वक्ता, रशियाविरुद्ध मदतीची एकच मागणी, थोड्या आठवड्यांत अनेक संसदा. ब्रिटिश संसदेत चर्चिलच्या वाक्यांची घडण, अमेरिकन काँग्रेसपुढे पर्ल हार्बर आणि 11 सप्टेंबर, जर्मन संसदेत बर्लिनची भिंत, स्पेनमध्ये एप्रिल 1937 मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं गेर्निका. जपानच्या संसदेत मात्र पर्ल हार्बर नाही (तो हल्ला जपाननेच केला होता), तिथे चेर्नोबिल. इस्रायलच्या संसदेतल्या भाषणात ज्यूंच्या संहाराशी केलेली तुलना तिथल्या अनेक नेत्यांना खटकली आणि त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. माझ्या मते या संचात सगळ्यात जास्त शिकवणारं भाषण हेच आहे. दुसऱ्याचा इतिहास उसना घेता येतो, पण त्यावर मालकी सांगणारे लोक समोर बसलेले असतात, आणि दाखला कुठपर्यंत ताणायचा ते तेही ठरवतात.

उपमा देणाऱ्या दाखल्यांना एकच प्रश्न विचारा: हा दाखला मान्य केला तर कोणता पर्याय आपोआप बाद होतो? 1938 चा म्युनिक करार, ज्यात हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश देऊन युद्ध टाळायचा प्रयत्न झाला, हे नेहमीचं उदाहरण. 1956 मध्ये सुवेझ कालव्याच्या पेचात ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या वागण्याला फॅसिस्ट सरकारांच्या वळणावर बसवलं. 28 जुलै 1965 ला व्हिएतनामबद्दल बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हिटलर आणि म्युनिकचा धडा सांगितला. समोरचा हिटलर ठरला की वाटाघाट ही शरणागती ठरते, आणि मग बोलणी का नकोत हे वेगळं सांगण्याची गरजच उरत नाही.

संहितेच्या बाहेरही बघावं लागतं. 28 जून 1989 ला, सर्ब आणि ऑटोमन तुर्क यांच्यातल्या कोसोवोच्या लढाईला 600 वर्षं झाली त्या दिवशी, सर्बियाचे नेते मिलोशेविच कोसोवोतल्या गाझिमेस्तान इथे प्रचंड जमावापुढे बोलले. आता आपण पुन्हा लढायांमध्ये आहोत, त्या सशस्त्र नाहीत, पण तशा होणारच नाहीत असंही सांगता येत नाही, हे त्यातलं वाक्य सर्वत्र उद्धृत होतं. पूर्ण भाषण वाचलेल्याला मात्र धक्का बसतो. त्याचा बराच भाग एकी, समृद्धी आणि अनेक समाजांनी मिळून राहण्याबद्दल आहे. म्हणून काही जण म्हणतात, या भाषणाबद्दल उगीच ओरड झाली. मला ते पटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कोसोवोची स्वायत्तता कापली गेली होती. 1389 ची जागा, तो दिवस, तो जमाव या साऱ्याने जे सांगितलं ते वक्त्याला शब्दांत सांगण्याची गरज नव्हती. उलट बाजूने, नुसतं ते एक वाक्य काढून 'इथूनच युद्ध सुरू झालं' असं लिहिणंही आळशीपणाचं आहे. दोन्ही गोष्टी मांडा.

असा प्रसंग आणि शब्द यांचा हिशेब एकदा मुंबई उच्च न्यायालयातही झाला आहे. जून 1897 च्या शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत 15 जूनच्या 'केसरी'त आला. त्यात अफझलखानाच्या वधाची नैतिक चर्चा होती. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवलं, न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 18 महिन्यांची शिक्षा दिली. निकाल वसाहतीच्या न्यायालयाचा होता, हे विसरू नका. पण 1659 च्या घटनेवरची चर्चा 1897 च्या प्लेग आणि दुष्काळाच्या वातावरणात वाचकाला काय सांगते, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी केलेला युक्तिवाद आजच्या कोणत्याही विश्लेषकाने वाचावा असा आहे.

वर्गीकरण करताना 'गौरव' हा एकच मोठा कप्पा करू नका. भारताच्या संविधान सभेतली दोन भाषणं घ्या. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री नेहरूंनी इतिहासाच्या पहाटेपासून चाललेल्या भारताच्या शोधयात्रेची गोष्ट सांगितली. त्या घडीची फाळणी तिथे नावाने नाही, स्वातंत्र्याच्या जन्माआधी सोसलेल्या आणि काही अजूनही चालू असलेल्या वेदनांच्या उल्लेखातून अलगद येते. 25 नोव्हेंबर 1949 ला आंबेडकरांनी त्याच सभागृहात फितुरीची यादी वाचली: सिंधवर महंमद बिन कासिमची स्वारी झाली तेव्हा लाच घेणारे दाहिरचे सेनानी, महंमद घोरीला बोलावणारा जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार आणि रजपूत राजे, इंग्रज शीख सत्ता संपवत असताना गप्प बसलेला गुलाबसिंग. आणि मग विचारलं, इतिहासाची पुनरावृत्ती होणार का? मिळालेलं स्वातंत्र्य टिकवण्याची काळजी म्हणून हा पराभवांचा इतिहास आला. मोजणीत दोन्ही भाषणं 'प्राचीन आणि मध्ययुगीन उल्लेख' या एकाच रकान्यात जातील. काम मात्र दोघांनी वेगवेगळं केलं.

आता काही कामाच्या गोष्टी. संहिता कोणती वापरताय ते लिहा. आधी वाटलेली प्रत, प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द आणि नंतर छापलेला मजकूर यांत फरक असतो. चर्चिल यांच्या 4 जून 1940 च्या भाषणाचं जे ध्वनिमुद्रण सगळे ऐकवतात, ते त्यांनी 1949 मध्ये केलेलं आहे. 1940 मध्ये संसदेत ध्वनिमुद्रण होत नव्हतं. भाषांतरावरून काम करत असाल तर कर्ता आणि क्रियापदाबद्दलचा प्रत्येक दावा मूळ भाषेतून तपासून घ्या, कारण भाषांतरात कर्ता सगळ्यात आधी हरवतो. भाषण लेखकाने लिहून दिलं होतं का, या प्रश्नाने अडू नका. ते ज्याने लोकांपुढे म्हटलं, त्याच्या नावावर धरा. 'नेत्याच्या मनात असं होतं' हे वाक्य टाळा, मसुदे किंवा पत्रव्यवहार हाती असल्याशिवाय. 'लोक भारावले' हेही टाळा, त्या वेळच्या प्रतिक्रिया हाती असल्याशिवाय.

आणि ज्या नेत्याचा तुम्हाला राग आहे, त्याच्यापासून सुरुवात करू नका. विद्यार्थी हमखास तेच करतात, आणि मग प्रत्येक दाखला त्यांना हत्यार दिसतो. आधी आवडत्या नेत्याच्या भाषणाला हेच सगळे प्रश्न विचारा. तिथे काही सापडलं नाही, तर तुमच्या पद्धतीत काहीतरी कमी आहे असं समजा.

तुमच्या तक्त्याचं म्हणाल, तर तो फेकू नका, आडवा करण्याऐवजी उभा करा. सगळे नेते आणि सगळे उल्लेख घेण्यापेक्षा एकच घटना निवडा, जिच्यावर एकाच देशातले पाच-सहा नेते वेगवेगळ्या दशकांत बोलले आहेत. प्रत्येक भाषणापुढे चार रकाने ठेवा: गोष्ट कोणत्या सालापासून सुरू होते, मुख्य क्रियापदांचा कर्ता कोण, आधीच्या नेत्याने घेतलेलं काय इथे गाळलं आहे, आणि या दाखल्यानंतर लगेच वक्ता श्रोत्यांकडे काय मागतो. चौथा रकाना भरायला वेळ लागेल. मागणी बहुधा दाखल्याच्या पुढच्याच परिच्छेदात असते आणि तिच्यात इतिहासाचा शब्दही नसतो, म्हणून उल्लेख मोजताना ती तुमच्या नजरेतून सुटली असणार.